विश्लेषण : पाणी उकळत नाही, तरी वसईच्या मिठागरांत ते ‘उडते’ कसे? बाष्पीभवनाचा वेग कशावर ठरतो?

सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांकडून नायगाव-जूचंद्रच्या दिशेने गेले की खाडीलगत मिठागरे लागतात. येथे भट्टी नाही, बॉयलर नाही. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यायचे आणि उन्हावर सोडून द्यायचे. मात्र मे महिन्यातील एक सर या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. असे का होते?

उकळल्याशिवाय वाफ कशी होते?

पाण्यातील सगळे रेणू सारख्या वेगाने फिरत नाहीत. पृष्ठभागाजवळचे काही वेगवान रेणू शेजारच्या रेणूंची ओढ तोडून हवेत निसटतात. हेच बाष्पीभवन. ते कोणत्याही तापमानाला होते. मात्र, जास्त ऊर्जेचे रेणू निघून गेल्याने उरलेले पाणी थंड होते. माठातले पाणी गार लागते ते यामुळेच.

यासाठी ऊर्जा किती लागते?

एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४०० किलोज्युल, म्हणजे जवळपास पाऊण युनिट वीज लागेल एवढी उष्णता हवी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यातील सुमारे २७ ग्रॅम खाण्याचे मीठ. म्हणजे किलोभर मिठासाठी ३५ लिटरहून अधिक पाणी आटवावे लागते. विजेने हे करायचे तर वीसहून अधिक युनिट जळतील. मिठागरात हे काम ऊन फुकट करते.

वेग कशावर ठरतो?

- तापमान : २० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे पावणेदोन पट होतो.
- आर्द्रता : हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर निसटलेले रेणू परत पाण्यात येण्याचे प्रमाण वाढते. म्हणून दमट दिवशी चाळीतले कपडे वाळत नाहीत आणि घामही सुकत नाही.
- वारा : पृष्ठभागालगतचा ओलसर थर वाहून नेतो आणि त्या जागी कोरडी हवा आणतो.
- पृष्ठभाग : बादलीभर पाणी बादलीत दिवसेंदिवस राहते, तेच अंगणात पसरले तर काही वेळात सुकते. मिठागराचे वाफे उथळ आणि पसरट असतात ते याचसाठी.

खारट पाणी हळू का आटते?

क्षार पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. वाफ्यातील पाणी मूळच्या साधारण एक दशांश उरले की मिठाचे खडे धरू लागतात. या टप्प्यावर पाण्याचा बाष्पदाब गोड्या पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. त्यामुळे पाणी आणि हवेचे तापमान सारखे असताना आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली, की आटणे थांबते. उलट मीठच हवेतील ओलावा ओढू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर होते, त्यामागेही हेच कारण.

अवकाळी सरीने किती नुकसान?

१० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १० लिटर गोडे पाणी. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळू शकते. म्हणजे एवढी सर वाफ्यावर पडली, तर एका चौरस मीटरमागे साडेतीन किलोपर्यंत तयार मीठ विरघळू शकते. शिवाय पडलेले पाणी पुन्हा आटवायचे. दिवसाला ५ मिलिमीटर आटते असे धरले, तरी दोन दिवस गेले. त्यात ढग आणि दमट हवा असेल तर आणखी.

म्हणूनच हंगामाच्या अखेरीस मिठागरांवर घाई असते. पाऊस पडण्याआधी मीठ ओढून ढीग करायचे आणि झाकायचे. पाणी उडायला आठवडे लागतात. खडे विरघळायला एक दुपार पुरते.