मेस्तांचे मँडोलिन

ज्या इंदुरात उस्ताद अमीरखाँ लहानाचे मोठे झाले, त्या गावात मँडोलिन वाजवणाऱ्या माणसाने फार मोठ्याने बोलू नये, हे मला कळते. आमच्या आळीत कुणाच्या घरी सतार असली तर मंडळी चपला काढून, जरा अदबीने आत येतात. माझ्याकडे आली की दाराशीच उभी राहून एखाद्या जुन्या सिनेमाच्या गाण्याची फर्माईश करतात. दोष त्यांचा नाही. पन्नास-साठ सालांतल्या चित्रगीतांत या वाद्याने दोन ओळींमधली जागा इतक्या नाजूकपणे भरली, की त्याला स्वतःचे काही म्हणायचे असेल, असे कुणाला वाटलेच नाही.

परंतु माळव्यातल्या माणसाने तरी एक गोष्ट विसरू नये. संगीतकार सज्जाद हुसेन हे आपल्या सीतामऊचे. १९१७ साली त्या लहानशा संस्थानात त्यांचा जन्म झाला, वडिलांपाशी ते सतार शिकले. पुढे मुंबईत ‘संगदिल’ (१९५२), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) अशा मोजक्या चित्रपटांना संगीत देऊन १९९५ साली ते गेले. साध्या मँडोलिनवर ते राग वाजवीत, आणि तोही मींडेसकट. हे किती अवघड, ते वाद्य हाती धरल्याशिवाय ध्यानात येत नाही. मँडोलिनला आठ तारा, पण त्या चार जोड्यांत, जुळणी व्हायोलिनची. जोडीतल्या दोन तारा एकदम छेडल्या की तो चमकदार ध्वनी निघतो. मात्र बोटाने ओढू गेलात तर दोघी सारख्या सरकत नाहीत आणि सूर फाटतो. आंध्रातल्या पालकोलचे यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्या मोडून पाच एकेरी तारा लावल्या, विजेचे वाद्य घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीत उभे केले. ती वाट शहाण्याची होती. मी सीतामऊच्या हट्टाने आठच तारांवर अडून बसलो.

माझे पहिले मँडोलिन दुकानातले होते. त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. २००३ साली एका लग्नानिमित्त गोव्यास गेलो असताना मडगावच्या बाजूला एक वृद्ध सुतार व्हायोलिने दुरुस्त करतात आणि वर्षाकाठी एखाद-दुसरे मँडोलिन घडवितात, असे कळले. गाव त्यांना ‘मेस्त’ म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्या पडवीत भिंतीला फणसाच्या फळ्या टेकून ठेवलेल्या होत्या, आणि कुठल्याशा जहाजावरच्या भाच्याने आणून दिलेली स्प्रूसची दोन पांढरी फाळकी कापडात गुंडाळलेली. केव्हा मिळेल, असे मी विचारताच ते म्हणाले, “तांतड आसल्यार बाजारांतलें व्हर, बाब.” घाई असेल तर बाजारातले न्या! सव्वा वर्ष लागले.

त्या अवधीत दोनदा जाऊन मी त्यांचे काम पाहिले. वरचा पाट ते वाकवीत नसत. जाड फळीतून कोरून त्याला फुगवटा देत. व्हायोलिनची ही रीत मँडोलिनला अमेरिकेतल्या ऑर्व्हिल गिब्सन याने लावली आणि १८९८ साली तिचे पेटंट घेतले. त्याआधीची नेपल्सची मँडोलिने पट्ट्या जोडून केलेली, पाठीला गडव्यासारखी गोल. मेस्त पाट मध्ये सुमारे पाच आणि कडेला तीन मिलिमीटर ठेवीत, पण मोजपट्टीपेक्षा बोटाच्या पेरावर त्यांचा भरवसा अधिक. टिचकी मारायची, कान लावायचा, थोडे तासायचे. किलोभर वजनाच्या या वाद्यावर आठ तारांचा ताण सत्तर-ऐंशी किलोंचा असतो. जाड ठेवले तर मुके, पातळ केले तर बसते.

वाद्य घरी आले आणि पहिल्याच संध्याकाळी तंबोऱ्याशेजारी मी यमन धरला. गांधार चढा! दुसऱ्या खेपेस मेस्तांपाशी तक्रार केली. त्यांना आपला गांधार ठाऊक नव्हता, पण कान पक्के होते. तंबोऱ्याची ध्वनिफीत ऐकून ते हसले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. इथले पडदे ठोकून बसवलेले, आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडून. एका गांधारासाठी पडदा सरकवला, तर त्याच पडद्यावरचे उरलेल्या तीन जोड्यांचे सूर बिघडतील. तेव्हा जवळच्या पडद्यावरून घसरत येऊन कानाची समजूत काढायची, एवढेच हाती राहते. पंधरा-वीस वर्षांत ती मला अर्धीमुर्धी जमली आहे.

२००६ च्या मे महिन्यात दुपारी खोलीत ‘टक्’ असा आवाज झाला. पेटी उघडली, तर वरच्या पाटावर नखभर रुंदीची नव्हे, पण केसाएवढी उभी चीर! इथल्या एका फर्निचरवाल्याने पांढरा गोंद भरून वर पट्टी मारून देण्याची तयारी दाखवली. मी वाद्य उराशी धरून सरळ मडगाव गाठले.

मेस्तांनी काही न बोलता पातळ सुरी तापवली आणि पाठ उघडली. सारे जोड सरसाने केलेले होते. ऊब आणि ओल लागताच सरस सुटतो. उद्या कुणाला तरी उघडावे लागणार, या हिशेबानेच ते जोडत. आत फणसाच्या पिवळ्या पाठीवर पेन्सिलीने तारीख होती: जुलै २००४. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कपाळावर हात मारला. गोव्याच्या भर पावसात, लाकूड ओलाव्याने फुगलेले असताना पाट चिकटवला होता. माळव्याच्या कोरड्या वैशाखात ते आकसले; आखडायला जागा नव्हती, म्हणून चिरले. “चूक म्हजी,” एवढेच ते म्हणाले.

मग मात्र त्यांनी वाद्य परत दिले नाही. चीर सरसाने बुजवून आतून लहान लहान चकत्या लावल्या, पण पाठ बंद करायला ते तयार होईनात. हवा कोरडी झाल्यावर बंद करू, म्हणाले. जानेवारी उजाडेपर्यंत, म्हणजे आठ महिने, मी पुन्हा दुकानातले वाजवले. पैशांचा विषय मी काढताच ते आत निघून गेले. पाठ चिकटवण्याआधी जुन्या तारखेखाली त्यांनी नवी तारीख लिहिली आणि मला दाखवली. पेटीत उन्हाळाभर ओला स्पंज ठेवायचा, ही आज्ञा त्याच दिवशी मिळाली.

२०१७ साली मेस्त गेले. त्यांचा मुलगा दुबईत नोकरीस आहे. पडवीतल्या फळ्या कुणी नेल्या कोण जाणे. चीर पुन्हा उघडली नाही. खालच्या जोडीत मात्र पावसाळ्यात किंचित खरखर येते, आणि ती कशामुळे हे विचारायला आता कुणी नाही.

माझी धाकटी नात हल्ली या मँडोलिनवर बसते. गांधारावर तीही अडते आणि माझ्याकडे बघते. गेल्या चैत्रात स्पंज ठेवायचे मी साफ विसरलो. आठ दिवसांनी आठवण होऊन घाईघाईने पेटी उघडली, तर आत स्पंज होता, आणि ओला होता.