बल्ब बदलून झाला? आता अर्थिंग बघा!

गाडीचा दिवा लागला नाही की आपण पहिलं काय करतो? बल्ब बदलतो. तरी नाही लागला तर दिव्यावर एक थाप मारतो. आणि गंमत म्हणजे कधी कधी थापेने तो लागतोही! म्हणजे बल्ब धडधाकट आहे, कुठेतरी जोड सैल झालाय.

उरणच्या मोरा बंदरावर गाडी लावायची आणि लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला जायचं, हा अनेकांचा शिरस्ता. तोवर गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी. बाहेरून ती चकाचक दिसते, पण मागच्या लाइटचा होल्डर काढा, आत पितळी पिनांवर हिरवट-पांढरी पावडर जमलेली सापडेल. हीच पावडर करंटची वाट अडवते.

कशी, ते माझ्या मामाच्या जुन्या हॅचबॅकवरून सांगते. डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही लुकलुकायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा. दोनदा बल्ब बदलून झाले, पैसे गेले, भुताटकी कायम!

आता थोडं फिजिक्स, बारावीनंतर सोडलेलं. दिव्याला करंट वायरने येतो, पण बॅटरीकडे परतीची वायर थेट जात नाही. ती जवळच पत्र्याला बोल्टने आवळलेली असते आणि पुढचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडीच. याला म्हणायचं अर्थिंग. मागच्या लाइटमधल्या सगळ्या बल्बची परतीची वायर बहुतेकदा एकच असते. तो एक बोल्ट गंजला की ब्रेकचा करंट पत्र्याकडे जाऊ शकत नाही. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थिंगमधून बाहेर पडतो. म्हणून भलताच दिवा पेटतो. एक दिवा लावल्यावर दुसरा मिणमिणला, तर दुकानात जाण्याआधी बोल्ट शोधा.

खात्री करायला वायरचा एक तुकडा पुरतो. एक टोक होल्डरच्या अर्थिंगच्या पिनला, दुसरं स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला. दिवा झटकन प्रखर झाला? चोर सापडला. (पिन नीट ओळखा, प्लसच्या पिनला लावलंत तर फ्यूज उडेल.) मल्टिमीटर असेल तर दिवा चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा होल्डरच्या अर्थिंगला लावा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर जोड खराब. मग बॅटरीची मायनस वायर काढायची, बोल्ट आणि पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, घट्ट आवळायचा, वरून पेट्रोलियम जेली. मामाचं काम एवढ्यात झालं.

अर्थात दरवेळी अर्थिंगच दोषी नसते. इंडिकेटर भराभर टिकटिकतोय? त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा कुणीतरी तिथे कमी करंट खाणारा एलईडी बसवलाय. दोन्ही हेडलाइट एकदम गेले तर आधी फ्यूज, मग रिले आणि स्विच. १० अँपिअरचा फ्यूज लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. उडालेल्या लाल फ्यूजच्या जागी पिवळा खुपसणारे महाभाग आहेत! फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो जाड केला की आधी वायर जळते, आणि वायर सीटखालून, कार्पेटखालून जाते, हे लक्षात घ्या. फॅशन म्हणून १०० वॅटचे बल्ब टाकणाऱ्यांचंही तेच. मूळ वायरिंग ६०/५५ वॅटच्या हिशोबाचं असतं.

उरण-पनवेल पट्ट्यात हे सगळं जास्त महत्त्वाचं, कारण जेएनपीएच्या कंटेनर ट्रेलरची वर्दळ रात्रभर असते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तोही इकडे चिर्ल्यालाच उतरतो. त्यावर टू-व्हीलरला बंदी, म्हणून कॉलेजची मंडळी बाबांची कार काढतात. मागून लादलेला ट्रेलर येतोय आणि तुमचा ब्रेकलाइट मंद आहे. गाडी थांबायला किती जागा लागते, ते त्या ड्रायव्हरला विचारा.

तपासायला सोबत कुणी नसेल तर रात्री गाडी रिव्हर्समध्ये भिंतीजवळ घ्या. ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर दोन लाल डाग पडतील. दोन्ही सारखे ठळक आहेत का, एवढंच बघायचं.