अध्ययन-अध्यापनातील शारीरिक कृती : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या वेळापत्रकात शरीराला एकच जागा दिलेली असते, ती म्हणजे मैदान. शारीरिक शिक्षण संचालकांनी शरीराकडे पाहावे आणि इतर विषयांच्या प्राध्यापकांनी बुद्धीकडे, ही वाटणी आपण फारसा विचार न करता स्वीकारलेली आहे. प्रस्तुत लेखात तिचा फेरविचार केला आहे. मैदानावरील तासिका वाढवाव्यात असे येथे सुचवायचे नाही. भौतिकशास्त्र, गणित, इतिहास, भूगोल या विषयांच्या अध्यापनातच चालणे, चढणे, मोजणे या कृतींना स्थान कसे देता येईल, एवढाच लेखाचा विषय आहे.

यावर पहिला आक्षेप आपल्याच स्टाफरूममधून येतो. आपला विद्यार्थी पहाटे गोठ्यातील काम उरकून, डेअरीवर दूध घालून, एस. टी.ने महाविद्यालयात येतो. त्याला आणखी व्यायाम कशासाठी? आक्षेप रास्त आहे, परंतु तो व्यायामाला लागू पडतो, अध्यापनातील कृतीला नव्हे. हाच विद्यार्थी वर्गात आल्यावर चार-पाच तास बाकावर बसून उतरवून घेण्याचे काम करतो. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अधिक जाणवते. डोंगराचा उतार, ओढ्याची वाट, हिरड्याच्या झाडाचा बहर यांचे त्यांचे ज्ञान पायांनी मिळवलेले असते. वर्गात त्या ज्ञानाला कोणी विचारत नाही आणि विद्यार्थी गप्प राहतो. त्या गप्प बसण्याला आपण ‘आकलन कमी’ असे नाव देऊन मोकळे होतो.

परंपरा आणि संशोधन

शरीरश्रम व शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजली. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली. मात्र दोन्हींमधील फरक लक्षात घ्यावा लागेल. ‘कमवा आणि शिका’मध्ये श्रमातून शिक्षणाचा खर्च भागतो, नई तालीममध्ये हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम ठरते. आपल्या महाविद्यालयांनी पहिली कल्पना टिकवली, दुसरी जवळजवळ सोडून दिली.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील ओपेझो व श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चालताना बहुतेकांना नव्या कल्पना अधिक सुचतात असे आढळले; एकच अचूक उत्तर असलेल्या प्रश्नांत मात्र चालण्याचा तसा लाभ दिसला नाही. याचा उत्साहाने उल्लेख करणारे दुसरा भाग बहुधा गाळतात. शिक्षकाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे, कारण कोणता घटक चालत शिकवावा आणि कोणता फळ्यापाशी, हे त्यावरून ठरवता येते.

लेण्याद्रीच्या पायऱ्या

लेण्याद्री येथील गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतले नाही असा या परिसरातील विद्यार्थी विरळा. गणपतीचे स्थान मूळच्या बौद्ध विहारात आहे आणि शेजारीच चैत्यगृह आहे, हे इतिहासाचे प्राध्यापक सांगतीलच. येथे विचार पायऱ्यांचा करावयाचा आहे. त्या सुमारे तीनशे आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याने त्या स्वतः मोजाव्यात, काही पायऱ्यांची उंची पट्टीने मोजून सरासरी काढावी व एकूण चढ ठरवावा. समजा, चढ ६० मीटर आला आणि विद्यार्थ्याचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य ५० × ९.८ × ६०, म्हणजे २९,४०० ज्यूल. चढण्यास दहा मिनिटे लागली, तर सरासरी शक्ती ४९ वॅट. धापा टाकत वर पोहोचलेला तरुण जुन्या पद्धतीच्या साठ वॅटच्या दिव्याइतकीही यांत्रिक शक्ती देऊ शकला नाही, हे कळल्यावर जो हशा पिकतो तो फळ्यावरील उदाहरणाने पिकत नाही.

पुढचा प्रश्न रसायनशास्त्र व आहारशास्त्राकडे नेतो. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के धरली, तर शरीराने खर्च केलेली ऊर्जा चार ते पाच पट, म्हणजे २८ ते ३५ किलोकॅलरी होते. ती दोन लहान चमचे साखरेने भरून निघते. उरलेली तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते; कपाळावरचा घाम हा तिचाच पुरावा. एका चढणीत कार्य, शक्ती, कार्यक्षमता आणि चयापचय हे चार घटक येतात, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आकड्यांसह.

मैदानावरील खोडद

प्रवासखर्च नसला तरी अडत नाही. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. एका किलोमीटरला चार मीटर हे प्रमाण घेतल्यास ही रचना शंभर मीटरच्या मैदानात मावते. तीस विद्यार्थी त्याप्रमाणे उभे करावेत आणि विचारावे, एकूण जोड्या किती? कोणी मोजू लागतो, गोंधळतो; मग ३० × २९ ÷ २ = ४३५ हे सूत्र आपोआप हवेसे वाटते. प्रत्येक जोडी आकाशाविषयीची वेगळी माहिती देते आणि पृथ्वी फिरत असल्याने त्या जोडीची आकाशाच्या संदर्भातील दिशाही बदलत जाते. तीस तबकड्या एका प्रचंड तबकडीचे काम कशा करतात, याचा अर्थ तेथे उमगू लागतो.

नाणेघाट आणि माळीण

नाणेघाटाविषयी थोडेच सांगतो. सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात दानांच्या संख्या अंकचिन्हांनी दिल्या आहेत. तेथे शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. तो लेख घाटाची चढण चढून आल्यावर वाचावा, कारण कोकणातील बंदरांकडून जुन्नरच्या बाजारपेठेकडे येणारा माल याच वाटेने वर चढत असे.

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या परिसरातून येणारी मुले आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांना ‘भूस्खलनाची कारणे’ पाच मुद्द्यांत लिहावयास सांगणे अपुरे वाटते. कोनमापक, दोरा आणि ओळंबा एवढ्या साधनांनी आपल्या वाडीच्या वरच्या उताराचा कोन मोजता येतो. मातीचा थर, पाण्याचे झरे, जमिनीला पडलेल्या भेगा यांची नोंद करता येते. ही पाहणी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यातच करावी, पावसाळ्यात कदापि नव्हे. ती नोंद ग्रामपंचायतीलाही द्यावी.

मर्यादा आणि श्रेयांक

उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने पहाटेचे व सायंकाळचे उपक्रम टाळणे आवश्यक आहे. शेवटची एस. टी. चुकली तर सर्वाधिक गैरसोय विद्यार्थिनींची होते आणि पुढच्या वेळी घरून परवानगी मिळत नाही. त्यामुळे परतीची वेळ आधी ठरवून मगच आराखडा करावा. अपंग विद्यार्थ्याला सहानुभूतीपोटी ‘तू बस’ असे म्हणण्याची आपली सवय घातक आहे. लेण्याद्रीच्या पायथ्याशी वेळ नोंदवणे किंवा मैदानावर तीस जणांची रचना प्रमाणानुसार उभी करवून घेणे ही कामे चढण्याइतकीच मोलाची आहेत. त्याची निवड त्याच्याशी बोलूनच व्हावी.

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. व्याख्यानाच्या १५ तासांना एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक. वरील कृती दुसऱ्या हिशेबात बसवाव्या लागतील. लेण्याद्रीची पाहणी चार तासांची, मोजमापांचे लेखन दोन तासांचे. असे पाच उपक्रम झाले की तीस तास भरतात. प्रात्यक्षिक वहीत मात्र प्रत्येकाच्या पायऱ्यांची संख्या व वेळ वेगळी असली पाहिजे. साऱ्या वर्गाची उत्तरे सारखीच आली, तर पाहणी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर पूर्ण झाली असे समजावे.