इंधन मुरलेल्या मातीची परीक्षा : काही समज आणि वस्तुस्थिती

माती परीक्षण म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे शेत उभे राहते : नागमोडी चालीने ठिकठिकाणची माती गोळा करावी, गोणपाटावर ती एकत्र मिसळावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करीत उरलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवून कापडी पिशवीतून प्रयोगशाळेकडे रवाना करावी. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या मोजणीस ही रीत निर्दोष आहे. परंतु जमिनीखालील टाकी गळून जेथे पेट्रोल मुरले आहे तेथे तीच अवलंबिली, तर जे शोधावयाचे तेच हवेत उडून जाते आणि मागे उरलेल्या निरुपद्रवी मातीचा अहवाल मात्र यथासांग, शिक्कामोर्तबासह, दफ्तरी दाखल होतो.

कारण पेट्रोलातील बेंझिन, टोल्युईन आदी द्रव्ये अत्यंत बाष्पनशील असतात. पूर्वी अमेरिकेतही काचेची बरणी मातीने गच्च भरून झाकण लावले की काम झाले असे मानीत. बरणी भरताना आणि पुन्हा उघडताना होणारी हानी ध्यानात आल्यावर १९९० नंतरच्या दशकात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ती रीत बदलली. आता अरुंद नळीने सुमारे ५ ग्रॅम माती न चुरता काढून, आधीच वजन करून ठेवलेल्या मेथॅनॉलच्या कुपीत तत्काळ सोडतात, कुपी सुमारे ४ अंश सेल्सिअसला थंड राखतात आणि १४ दिवसांच्या आत तपासतात. नमुना कोणी, केव्हा, कोणाच्या हवाली केला याची नोंद पंचनाम्याइतक्याच काटेकोरपणे ठेवावी लागते. शिवाय प्रयोगशाळेतून निघालेली एक कोरी कुपी न उघडता नमुन्यांसोबत जाऊन परत येते, ती प्रवासात बाहेरची वाफ शिरली असल्यास चुगली करण्यासाठी.

‘वास येत नाही, म्हणजे माती स्वच्छ’ हा दुसरा समज. नाक वासाला लवकर सरावते, हे एक. आणि पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, जी घ्राणेंद्रियाच्या आवाक्याच्या कितीतरी खाली पडते. त्यातही नमुना वरच्या थरातूनच घेतला असेल तर त्याची साक्ष जवळजवळ निरर्थक ठरते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते भूजलावर तरंगते, आणि पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते, तसतसे ते मधल्या संपूर्ण थरास लिंपून ठेवते. म्हणून नमुने टाकीच्या तळाखालून, नळांच्या सांध्यांखालून आणि पाण्याच्या या चढउताराच्या पट्ट्यातून घ्यावे लागतात, आणि ते कदापि एकत्र मिसळावयाचे नसतात.

‘एकूण हायड्रोकार्बन’ या एका आकड्यावर विसंबणेही घातक आहे. ताज्या पेट्रोलाचे आणि जुन्या, जड डिझेलचे प्रमाण तेवढेच भरले, तरी धोका सारखा नसतो.

‘पाणी खोल आहे, माती गाळून घेईल’ या भरवशाचे फोलपण न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्क शहरालगतच्या कर्टलंड हवाई तळावर सिद्ध झाले. तेथील इंधनाची गळती १९९९ साली उघडकीस आली, पण ती त्यापूर्वी कित्येक दशके चालू होती. भूजल सुमारे ५०० फुटांवर असूनही इंधन तेथवर पोहोचलेच. किती गळले याचे अंदाज ६० लक्ष गॅलनांपासून २ कोटी ४० लक्ष गॅलनांपर्यंत आहेत, आणि अंदाजांतील ही तफावतच जमिनीखालचा हिशेब किती दुर्घट असतो ते सांगते. शिसेयुक्त विमान-पेट्रोलात, इंजिनातील शिसे बाहेर पडावे म्हणून, मिसळीत असलेले एथिलीन डायब्रोमाइड तेथील पाण्यात उतरले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे केवळ ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, आणि बेंझिनसाठीच्या नेहमीच्या चाचणीला इतका सूक्ष्म अंश दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते, आणि मागणीपत्रात तिचा उल्लेख राहून गेला, तर अहवालात त्या द्रव्याची अवाक्षरानेही दखल घेतलेली नसते.