कोऱ्या फाइलीचे कुलूप

युनिक्स घराण्यातील संगणकांवर ‘क्रॉन’ नावाचा एक कार्यक्रम अहोरात्र जागा असतो. दर मिनिटाला तो आपली यादी चाळतो आणि ज्या हुकुमाची वेळ झाली असेल तो बजावतो. परंतु दर पाच मिनिटांनी दस्तऐवजांची नक्कल काढण्याचे काम त्याच्याकडे सोपविले असेल, आणि एखाद्या दिवशी भार वाढून त्या कामाला सात मिनिटे लागली, तर पहिले काम संपले की नाही याची चौकशी न करता तो दुसरे सुरू करून देतो; मग दोन प्रक्रिया एकाच नकलेवर एकदम लिहू लागतात आणि जी नक्कल संकटकाळी उपयोगी पडावयाची तीच भ्रष्ट होऊन बसते. सामायिक वस्तूला एका वेळी एकानेच हात लावावा, ही व्यवस्था कशी राखावी, या प्रश्नाचे उत्तर डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली अवघ्या एका पानाच्या लेखात मांडले होते.

व्यवहारात प्रथम सुचतो तो उपाय असा, की काम सुरू करताना एक खुणेची फाइल निर्माण करावी, काम संपताच ती नष्ट करावी, आणि ती आढळल्यास दुसऱ्याने परत फिरावे. पण फाइल आहे का हे पाहणे आणि ती निर्माण करणे, या दोन क्रियांमध्ये जो निमिषमात्र अवधी राहतो, त्यात दुसरी प्रक्रियाही डोकावून जाऊ शकते. त्या दोन क्रिया मिळून एकच अविभाज्य क्रिया करण्याची सोय आहे, हे खरे. तथापि काम अर्धवट असताना वीज गेली, तर खूण मागे राहते आणि पुढचा प्रत्येक हुकूम तिच्यापुढे निमूटपणे माघारी वळतो.

१९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये आलेल्या, फाइलीला कुलूप घालणाऱ्या ‘फ्लॉक’ या सुविधेने हा पेच मुळातूनच सोडविला, असे मला वाटते. येथे फाइल केवळ निमित्तमात्र, बहुधा कोरीच, असते. कब्ज्याची नोंद कर्नल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, स्वतःच्या दफ्तरी ठेवतो, आणि कब्जेदार प्रक्रिया रीतसर संपो वा तडकाफडकी मारली जावो, तिने उघडलेली फाइल मिटताच ती नोंद आपोआप रद्द होते. लिनक्सवर याच नावाचा एक हुकूमही आहे, तो एच. पीटर ॲन्विन यांनी लिहिला. त्याच्यापुढे फाइलीचे नाव आणि करावयाचे काम एवढे लिहिले, की कुलूप मोकळे होईपर्यंत तो थांबतो. ‘एन’ हा पर्याय जोडल्यास न थांबता अपयशाचा संकेतांक देऊन परततो, आणि ‘डब्ल्यू’ने थांबण्याची मुदत ठरविता येते. क्रॉनच्या कामांना ‘एन’ हाच पर्याय शोभतो, अन्यथा तिष्ठणाऱ्यांची रांग वाढत जाते.

मात्र हे कुलूप सक्तीचे नव्हे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा रुमालाचा मान राखणाऱ्यांपुरतीच सुरक्षित असते, तद्वत जो कार्यक्रम कुलपाची विचारपूसच करीत नाही, त्याला ते अडवीत नाही.

त्याहून घातक चूक म्हणजे काम संपल्यावर स्वच्छतेच्या हौसेने ती फाइल पुसून टाकणे. एक प्रक्रिया तिच्यासाठी तिष्ठत असता फाइलीचे नाव पुसले गेले, तर तिला कब्जा मिळतो तो निनावी झालेल्या जुन्या फाइलीचा. त्याच क्षणी आलेली तिसरी प्रक्रिया त्याच नावाची नवी फाइल निर्माण करून तिला कुलूप घालते, आणि दोघीही आपणच एकट्या आहोत अशा खात्रीने कामाला लागतात. डेबियन वा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर नवे सॉफ्टवेअर बसविताना ‘कुलूप मिळाले नाही’ असा संदेश आला, की कुलपाची फाइल उडवून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेथील कुलूप वेगळ्या जातीचे असले तरी धोका हाच, कारण पार्श्वभूमीवर चाललेले अद्ययावतीकरण अर्धवट असता दुसरे सुरू झाल्यास बसविलेल्या सॉफ्टवेअरची सगळी नोंदवहीच बिघडू शकते. अशा वेळी ‘फ्यूझर’ हा हुकूम त्या फाइलीवर चालवून ती उघडून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांक पाहावा, आणि तिचे काम पुरे होईपर्यंत थांबावे.