रोजच्या लांब पल्ल्यासाठी जुनी गाडी घेताना

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहावयाचे ठरले होते. परंतु गेले दोन महिने गटागटांतून फिरताना उसापेक्षा दुसराच प्रश्न जास्त वेळा कानावर आला. "साहेब, पोराला कामावर जायला जुनी गाडी बघायची आहे. कुठली घेऊ?" कुणाचा मुलगा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत लागला आहे, कुणाची सून शिरोलीला हिशोब खात्यात आहे, कुणाची मुलगी रोज कोल्हापूरला शिकवायला जाते. एस.टी.च्या वेळा पाळीला जुळत नाहीत, आणि रात्री मोटारसायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर यायचे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. म्हणून यावेळी गाडीवरच लिहितो. तसा हा विषयही खोडव्याचाच आहे.

प्रथम पैशाकडे पाहू. एकरी चाळीस टन ऊस गेला तर तोडणी-वाहतूक वजा जाता हाती येणारे बिल सव्वा लाखाच्या आसपास असते, आणि त्यातूनही खता-पाण्याचा खर्च व सोसायटीचे कर्ज भागवायचे असते. म्हणजे तीन लाखांची जुनी गाडी ही अडीच एकरांची वर्षाची मेहनत झाली. बैल घेताना दात, खूर, चाल बघितल्याशिवाय आपण कासऱ्याला हात लावत नाही. गाडी मात्र रंग बघून आणि पाहुण्याच्या शब्दावर घेतो.

मी स्वतः तेच केले, म्हणून सांगतो. माझे बिऱ्हाड मुलांच्या शाळेसाठी शहरात आहे. तिथून कार्यस्थळ ४८ किलोमीटर. २०२२ साली मी एका विक्रेत्याकडून २०१७ ची पेट्रोल गाडी घेतली. मीटर फक्त २८ हजार किलोमीटर, आतून अत्तराचा वास, सीट-कव्हर कोरे, रंग आरशासारखा. सेवकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढले होते. तीन महिने गाडी बरी चालली. नंतर कधी काच खाली जाईना, कधी मीटरवर भलतेच दिवे लागायचे. ऐन हंगामात एके रात्री एकच्या सुमारास वाहनतळावरून परतताना गाडी हेडलाइटसह एकदम मेली. पुढे साठ-सत्तर फुटांवर बिनारिफ्लेक्टरची उसाची भरली ट्रॉली उभी होती. ब्रेक लागले म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पायाखालचे कार्पेट उचलले. खाली बारीक, काळसर, सुकलेला गाळ. वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज. ती गाडी जुलै २०२१ च्या पुरात उभी होती. मातीचे नमुने कसे काढावेत हे सभासदांना शिकवणारा मी, पण नदीचा गाळ माझ्याच पायाखाली होता आणि मला दिसला नाही. गाडी पडत्या भावात विकली. काय झाले आहे ते घेणाऱ्याला सांगून विकली, त्यामुळे भाव आणखी पडला.

आपल्या भागात हा धोका विशेष आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात फिरत असतात. तेव्हा गाडी बघायला गेल्यावर पहिल्यांदा पुढचा सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतला मातकट असेल, तर तिथेच नमस्कार करून निघावे. मग सीटखालचे बोल्ट व स्प्रिंग गंजले आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, हे पाहावे. अत्तराचा वास जास्त येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे उन्हात बसावे. कुबट वास वर येतोच.

आता खोडव्याकडे येतो. खोडवा ठेवायचा की मोडायचा हे आपण नुसत्या फुटव्यांच्या हिरवळीवर ठरवत नाही. लागणीच्या पिकाला खत-पाणी कसे होते, तोड जमिनीलगत झाली का, तुटाळी किती आहे, हे विचारतो. जुनी गाडी हा खोडवाच आहे. पहिल्या धन्याने तिला कसे ठेवले यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. मीटरचा आकडा त्यामानाने दुय्यम, आणि तो मागे फिरवताही येतो.

म्हणून किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, हा समज सोडून द्यावा. वर्षानुवर्षे शेडात उभ्या असलेल्या गाडीचे रबरी पाईप, सील, टायर, बॅटरी सगळे न चालताच म्हातारे होते. उलट हायवेवर एका वेगाने चाललेल्या गाडीला क्लच-गिअर कमी लागतात, इंजिन व्यवस्थित तापते, झीज कमी होते. माझी सध्याची गाडी मी घेतली तेव्हा ९२ हजार किलोमीटर झालेली होती. मालक रोज हायवेने नोकरीला जाणारे, आणि त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या फाईलला लावलेल्या. दाराला एक पोचा होता, तो अजूनही आहे. आज मीटर दीड लाखाच्या पुढे आहे आणि वाटेत ती एकदाही थांबलेली नाही. घरी मात्र त्या पोच्याबद्दल अजून ऐकून घ्यावे लागते.

पावत्या असतील तर त्यावरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का ते बघा. पावत्या नसतील तर मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीच्या नंबरावरून मागची नोंद विचारा. मालक यायला टाळाटाळ करू लागला तर त्यातच उत्तर मिळाले. ब्रेक-क्लचच्या पायडलांचे रबर गुळगुळीत झाले आहे आणि मीटर म्हणतो ३० हजार, हे जमत नाही. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चार टायर चार सालांचे निघाले तर का, ते विचारावे.

गाडी बघायला सकाळी जावे आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम असेल तर थंड इंजिनाचे दुखणे लपवले असण्याची शक्यता. पहिल्या स्टार्टला निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतोच, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर इंजिन खोलावे लागेल असे समजावे. ऑइलचे झाकण काढून आत लोण्यासारखा थर दिसला तर ऑइलात पाणी जात असल्याचा संशय घ्यावा. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ती दारे कधीतरी उतरली आहेत. किरकोळ धडक हरकतीची नसते, पण चेसिसला जोड असेल तर गाडी घेऊ नये.

ट्रायल गावातल्या गावात घेऊ नका. ज्या रस्त्याने रोज जायचे आहे त्याच रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर चालवा. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगातून दाबल्यावर इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही असे होते का (म्हणजे क्लच प्लेट संपली), हे तिथेच कळते. आणि सोबत मिस्त्री न्या. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या, चहावर भागवू नका. आजकाल मिस्त्रीकडे स्कॅनर असतो. तो जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरात साठलेल्या खोटी दिसतात.

"पण साहेब, मॉडेल कुठले?" याला माझे उत्तर असे की, तुमच्या तालुक्याच्या मिस्त्रीला जी गाडी डोळे झाकून खोलता येते आणि जिचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, ती. रोज जाणाऱ्याची गाडी चार दिवस गॅरेजला राहिली तर चार खाडे पडतात. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिने या दृष्टीने सोयीची. त्यांत टायमिंगची साखळी आहे. टोयोटाची इटिऑस २०२० साली बंद झाली, परंतु तिचे पेट्रोल इंजिनही साखळीचे आणि टिकाऊ आहे. फक्त ती टॅक्सीत फार चालली, म्हणून कागद नीट पाहावेत. ज्या इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट आहे तिथे तो कधी बदलला याची पावती मागावी. चालता चालता बेल्ट तुटला तर इंजिनच हातचे जाऊ शकते.

सालाबाबत माझा आग्रह २०१९ च्या उत्तरार्धानंतर तयार झालेल्या गाडीचा आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ए.बी.एस. ब्रेक आणि जुलै २०१९ पासून किमान चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. पन्नास हजार जादा गेले तरी चालतील. हंगामात रात्री आपल्याच ट्रॉल्या रस्त्यावर असतात, हे मला वेगळे सांगायला नको.

इंधनाचा हिशोब कागदावर मांडावा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ३१,२०० किलोमीटर. गाडी लिटरला १८ देते आणि पेट्रोल शंभर रुपये धरले तर वर्षाला १ लाख ७३ हजार रुपये इंधनालाच. दोन वर्षांत गाडीच्या किमतीहून जास्त! म्हणून खरेदीत वीस हजार सुटले यापेक्षा ॲव्हरेज किती हे महत्त्वाचे. एवढ्या पल्ल्याला सी.एन.जी. परवडतो, पण किट आर.सी.वर नोंदलेले असावे, टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली असावी, आणि पंप वाटेवर असावा. डिझेल लांब पल्ल्याला ठीक. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो हायवेवर तापून आपोआप साफ होतो. घर ते मळा अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना तीच गाडी वापरली तर फिल्टर तुंबतो आणि बिल मोठे येते.

पेट्रोलच्या बाबतीत एक प्रश्न हटकून येतो, कारण त्यात आपला ऊस आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाईप-सील त्याला चालतील असे बनवले आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात वीस टक्के मिश्रणासाठी न बनलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. आपल्याला इथेनॉलचा पैसा मिळतो म्हणून ही गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. त्याआधीची गाडी घेतलीत तर इंधनाचे रबरी पाईप मिस्त्रीला दाखवून घ्या, कडक झाले असतील तर बदला. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल पडून राहणे वाईट. रोज चालणाऱ्या गाडीला ती अडचण येत नाही.

शेवटी कागद. सात-बारावर जसा बोजा तसा आर.सी.वर बँकेचा बोजा असतो. तो असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चेसिस आणि इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः ताडून बघा. दंडाच्या ई-पावत्या थकल्या आहेत का ते पाहा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरपट्टी बसवली आहे का तेही पाहा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर ना-हरकत दाखला लागतो. स्वस्त मिळते म्हणून सीमेपलीकडची गाडी घेऊन इकडचा कर भरताना सगळी स्वस्ताई संपते.

मग फेरफार, म्हणजे फॉर्म २९ व ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी तशीच वर्षभर पळवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. २०१८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे जुनी गाडी विकणाऱ्या सभासदाने तर जास्तच सावध राहावे. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तेव्हा हप्त्यात थोडा फरक पडेल.

ठरलेल्या रकमेतले तीस-चाळीस हजार मात्र बाजूला ठेवूनच सौदा करा. घेतल्याबरोबर ऑइल, फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि लागल्यास टायर हे सगळे आपल्या हाताने बदलून घ्यावे लागते. ते होईपर्यंत गाडी रात्रपाळीला देऊ नये.

खोडव्यातील तुटाळी सांधणे व पाचट ठेवणे याविषयी पुढील अंकात.