फुटपाथवरचा एक तास

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीला लावलेली असते. ज्याची वेळ भरली तो पुढच्याच्या गळ्यात वीणा देतो, आणि पहाटे तीनला कोण उभं राहणार यावरून थोडी कुरकुरही होते. अमेरिकेत गर्भपात केंद्रांबाहेर चालणारे प्रार्थनेचे जागर समजून घ्यायला ही वीणा बरी पडते. फरक इतकाच, की तिथला पहारा देवळात नसतो. ज्या जागेला विरोध, तिच्याच दारात तो बसतो.

यातली सगळ्यात पसरलेली मोहीम म्हणजे ‘फोर्टी डेज फॉर लाइफ’. ती २००४ साली टेक्सासमधल्या ब्रायन आणि कॉलेज स्टेशन या जोडशहरांत सुरू झाली आणि २००७ पासून अनेक शहरांत एकाच वेळी होऊ लागली. चाळीस हा आकडा बायबलमधला. येशूचा अरण्यातला उपास तेवढ्याच दिवसांचा. मोहीम वर्षातून दोनदा होते. एक शरद ऋतूत, आणि एक उपवासकाळात, म्हणजे आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती राखेच्या बुधवारपासून जो काळ पाळतात त्यात.

गावातला संयोजक दिवसांचे तास पाडतो आणि चर्चना वाटून देतो. उभं राहणाऱ्याने आधी शांततेच्या निवेदनावर सही करायची. त्यातली कलमं अगदी घरगुती आहेत: वाट अडवणार नाही, कचरा टाकणार नाही, मुलं बरोबर असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवीन, केंद्रातल्या कुणाला धमकावणार नाही की हात लावणार नाही, पोलिसांचं ऐकेन. एवढी खबरदारी उगाच नाही. १९८० च्या दशकाअखेरीस ‘ऑपरेशन रेस्क्यू’ या गर्भपातविरोधी संघटनेचे लोक केंद्रांच्या दारात आडवे बसत. १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरला गोळ्या घालून मारलं गेलं. पुढच्या वर्षी दार अडवणं आणि धमकावणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा झाला.

प्रत्यक्ष तास तसा संथच जातो. कॅथलिक माणसाच्या हातात जपमाळ असते. एकदा ‘आमच्या स्वर्गातील पित्या’, मग दहा वेळा ‘नमो मरिया’, अशी पाच आवर्तनं पंधरा-वीस मिनिटांत होतात. म्हणजे तासाला साधारण तीन माळा. प्रोटेस्टंट बहुधा स्तोत्रं वाचतात. गाडी आत वळली की एखादी बाई पत्रक घेऊन दोन पावलं पुढे येते. बाकीचे जागचे हलत नाहीत. अनेक ठिकाणी केंद्राचे स्वयंसेवकही असतात. रंगीत जाकीट घातलेले हे लोक रुग्णाला गाडीपासून दारापर्यंत सोबत करतात.

खरी मेख इथेच आहे. सही केलेलं निवेदन संयोजकाच्या फायलीत असतं, गाडीतून उतरणाऱ्या बाईने ते वाचलेलं नसतं. यातलं कोण नुसतं जपतंय आणि कोण अंगावर येणार, हे ओळखायला तिच्याजवळ आठ-दहा पावलांचा वेळ असतो. म्हणून कायद्याने अंतर मोजायला घेतलं. मॅसॅच्युसेट्सने २००७ मध्ये दारापासून ३५ फुटांची रेघ ठरवली. तिच्या आत थांबायचंच नाही, बोलायचंही नाही. सत्तरी ओलांडलेल्या एलिनॉर मॅककलन यांनी तिला आव्हान दिलं. आपण निदर्शक नाही, येणाऱ्या बायकांशी हळू आवाजात बोलतो आणि ३५ फुटांवरून ओरडावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशी ती रेघ पुसली. दार अडवणाऱ्याला पकडायचं सोडून राज्याने सगळा फुटपाथच बंद केला, हा आक्षेप. (या न्यायालयाच्या स्वतःच्या पटांगणात निदर्शनांना मनाई आहे, हे लोकांनी तेव्हा आवर्जून दाखवून दिलं.)

आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची सोय आहे, आणि महाराष्ट्रातला वाद मुख्यतः गर्भलिंग चाचणीवरून पेटला. राज्याचा १९८८ चा तिच्याविरुद्धचा कायदा देशात पहिला. दवाखान्याबाहेरची जपमाळ त्यामुळे आपल्याला परकी वाटते.

ब्रिटनने अमेरिकेच्या उलटी वाट धरली. लंडनच्या ईलिंग भागात नगरपालिकेने २०१८ मध्ये गर्भपात केंद्राभोवती पहिलं संरक्षित क्षेत्र आखलं आणि इतर शहरांनी तो कित्ता गिरवला. बोर्नमथला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अशाच क्षेत्रात एक माणूस झाडामागे, केंद्राकडे पाठ करून, मान खाली घालून काही मिनिटं उभा राहिला. हातात फलक नाही, तोंडून शब्द नाही, प्रार्थना मनातल्या मनात. अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्या प्रार्थनेचं स्वरूप काय? रुग्णाची वाट मोकळी असावी हे मला पूर्ण पटतं, पण हा प्रश्न विचारायची पाळी येते तिथे कायदा फुटपाथ सोडून माणसाच्या डोक्यात शिरलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. तुरुंग नाही, पण खटल्याच्या खर्चापोटी नऊ हजार पौंड भरायचे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या गर्भपात केंद्रांभोवती १५० मीटरचं क्षेत्र लागू झालं.